भरतीचा अधिकार नसलेल्या ओळखीचा उपयोग

नोकरी शोधणाऱ्यांना मदत करण्याविषयी एक सल्ला वारंवार वाचायला मिळतो आणि मोठ्या संमतीने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा: नेमणूक ज्याच्या हातात नाही त्याने कोणाला आशा लावू नये, फार तर बायोडेटा घेऊन एचआरकडे पाठवावा, शब्द टाकायचाच तर जवळच्या माणसासाठी टाकावा, अनोळखी माणसासाठी केलेली शिफारस हा निव्वळ वशिला होय, आणि काही जमणार नसेल तर उत्तर न देणे हाच सभ्य नकार. आपल्यावर विसंबून कोणाची फसगत होऊ नये, ही या सल्ल्यामागची काळजी रास्त आहे. परंतु त्यातून काढलेले निष्कर्ष मला चुकीचे वाटतात, आणि त्यांचा भुर्दंड नोकरी शोधणाऱ्यालाच सोसावा लागतो.

‘अधिकार नसेल तर मदत करता येत नाही’ हे पहिले विधान. नोकरी शोधणाऱ्याला सर्वांत जास्त उणीव भासते ती माहितीची, आणि ती देण्यासाठी अधिकार लागत नाही. जाहिरातीत दहा कौशल्ये लिहिलेली असतात. त्यांतली कोणती तीन प्रत्यक्षात पाहिली जातात, जागा नव्याने निर्माण झाली आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी आहे, मुलाखतीच्या किती फेऱ्या होतात, त्या विभागातला रोजचा दिवस कशात जातो, भरती सध्या थांबवलेली आहे का, हे सारे तिथे काम करणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्यालाही बहुधा ठाऊक असते. बाहेरच्या माणसाला मात्र यांतले काहीच दिसत नाही, आणि तो महिनोन्‌महिने एकच अर्ज सगळीकडे पाठवत राहतो. पंधरा-वीस मिनिटांच्या संभाषणात त्याच्या अर्जाची दिशा बदलू शकते. अर्थात, कंपनीची गोपनीय माहिती किंवा मुलाखतीतले प्रश्न सांगणे यात बसत नाही. ती मर्यादा आपण होऊनच पाळली पाहिजे. आणखी एक पथ्य मला महत्त्वाचे वाटते: सल्ला देण्याआधी समोरच्याला नेमके काय हवे आहे ते विचारावे. क्षेत्र बदलू पाहणारा, मोठ्या खंडानंतर परतणारा आणि नुकताच काम गमावलेला, या तिघांचे प्रश्न वेगळे असतात आणि तिघांनाही ‘बायोडेटा सुधारा’ एवढेच सांगणे व्यर्थ असते.

‘जवळच्यांसाठीच शब्द टाकावा’ या दुसऱ्या विधानाला तर संशोधनाचाच आधार नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी मांडली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे 17 टक्के लोकांनाच ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. सुमारे 56 टक्क्यांची ती व्यक्ती अधूनमधून भेटणारी होती आणि सुमारे 28 टक्क्यांची क्वचितच भेटणारी. ही टक्केवारी अवघ्या 54 जणांवर आधारलेली होती, हेही सांगायला हवे. पण 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाच्या 2 कोटींहून अधिक सदस्यांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यांतही नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या फार घट्ट नसलेल्या, परंतु अगदी नाममात्रही नसलेल्या ओळखी. कारण समजण्यासारखे आहे. जवळची माणसे बहुधा आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना कळणारी बातमी आपल्यालाही कळलेली असते. एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीचा माणूस आपल्याला लिहितो तेव्हा त्याच्यासाठी आपण खरोखर नव्या ठिकाणची खिडकी असतो.

वशिल्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. माणसे आपल्यासारख्याच माणसांची शिफारस करतात, त्यामुळे शिफारशीवर चालणाऱ्या भरतीत त्याच त्या महाविद्यालयांची, त्याच त्या वर्तुळांची माणसे येत राहतात आणि ज्याच्या घरात या क्षेत्रातले कोणी नाही तो दाराबाहेर राहतो. परंतु यावर ‘फक्त जवळच्यांना मदत करा’ हा उपाय सुचवणे म्हणजे तोच दोष अधिक पक्का करणे होय. मदत जितकी अनोळखी माणसापर्यंत पोहोचेल तितकी ती वशिल्यापासून दूर जाते. त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. माहिती विचारील त्याला द्यावी आणि सर्वांना सारखीच द्यावी. शिफारस मात्र आपण स्वतः पाहिलेल्या कामापुरतीच करावी. ज्याच्यासोबत काम केलेले नाही त्याच्याविषयी ‘आमची एकदा चर्चा झाली, त्यांचे प्रश्न नेमके होते, कामाचा मला प्रत्यक्ष अनुभव नाही’ एवढेच लिहिणे प्रामाणिक असते आणि वाचणाऱ्यालाही तेवढे पुरते. अनेक कंपन्या यशस्वी रेफरलबद्दल, म्हणजे कर्मचाऱ्याने सुचवलेला उमेदवार नेमला गेल्याबद्दल, त्या कर्मचाऱ्याला बक्षिसाची रक्कम देतात. तशी ती मिळणार असेल तर उमेदवाराला आधीच सांगावे.

‘बायोडेटा पाठवला की काम झाले’ याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. सोबत एक ओळही न लिहिता पुढे पाठवलेली फाइल बहुतेकदा न उघडताच राहते. ज्याला पाठवायची त्याला आधी विचारावे, कोणत्या जागेसाठी आणि का हे दोन-तीन वाक्यांत लिहावे, आणि उमेदवाराने तिथे आधीच अर्ज केला आहे का याची खात्री करून घ्यावी, कारण काही ठिकाणी अर्ज आधी नोंदवला गेला असेल तर नंतरचे रेफरल धरले जात नाही. उमेदवाराच्या संमतीशिवाय त्याचा बायोडेटा कोणाकडेही जाऊ नये. तो सध्याच्या नोकरीत कोणाला न कळवता शोध घेत असेल, तर आपल्या उत्साहामुळे त्याची असलेली नोकरी धोक्यात येऊ शकते.

शेवटचे विधान मला सर्वांत जास्त खटकते. न बोलणे हा नकार नसतो, कारण ऐकणाऱ्याला तो नकार म्हणून कळतच नाही. ‘बघतो, सांगतो’ या दोन शब्दांवर माणूस आठवडेच्या आठवडे थांबतो, पुन्हा विचारले तर आगाऊपणा ठरेल म्हणून संकोचतो आणि त्या काळात दुसऱ्या ठिकाणचे अर्ज लांबणीवर टाकतो. ‘आमच्याकडे या वर्षी भरती होईल असे दिसत नाही’ किंवा ‘तुमच्या क्षेत्रातले मला काही कळत नाही’ हे त्याच दिवशी लिहिलेले वाक्य त्याला तत्काळ मोकळे करते. वाक्य क्षणभर दुखावेल, हे खरे. पण ज्याचे पैसे दर महिन्याला संपत चालले आहेत त्याच्यासाठी वाया गेलेले तीन आठवडे त्याहून कितीतरी महाग असतात. चौकशी करण्याचे कबूल केले असेल तर तारीख सांगावी, आणि त्या तारखेला काहीही कळलेले नसले तरी तेवढे कळवावे.