मेंढ्यांनी राखलेलं शेत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, वर्थ मॅट्रॅव्हर्स नावाचं गाव आहे. तिथून विन्स्पिटच्या खडकांकडे उतरताना दोन्ही अंगांच्या टेकड्यांवर हिरव्या पायऱ्या दिसतात. भर दुपारी लक्षही जात नाही. ऊन तिरपं झालं की एकेक बांध सावलीसकट उठून दिसतो. मी पाहताक्षणी म्हटलं, अरे, या तर आपल्या मुळशी-वेल्ह्याच्या ताली, डोंगरउतारावरची बांध घातलेली शेतं!

तिकडे त्यांना स्ट्रिप लिंचेट म्हणतात. बहुतेक मध्ययुगातल्या. माणसं वाढली, सपाटीची जमीन पुरेना, तेव्हा नांगर चढणीला लागला. उताराला आडवं नांगरत राहिलं की माती खालच्या कडेला साठते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं की पायरी उभी राहते. पट्टे अरुंद पण लांबलचक, कारण आठ बैलांचं आऊत वळवायचं म्हणजे खटाटोप. (आपल्या आजोबांच्या तोंडचा ‘फर्लांग’ इथलाच बरं का. मूळ अर्थ नांगराच्या तासाची लांबी.) १३४८ मध्ये प्लेग याच डॉर्सेटच्या बंदरातून शिरला. कसायला माणसं उरली नाहीत, हळूहळू मेंढ्या आल्या. नांगर थांबला म्हणून पायऱ्या टिकल्या.

आज अशा कित्येक पायऱ्या प्राचीन स्मारकांसाठीच्या तिथल्या १९७९ च्या कायद्याखाली संरक्षित आहेत. स्टोनहेंजला जो कायदा, तोच. परवानगीशिवाय खोदायचं नाही, मेटल डिटेक्टरही फिरवायचा नाही. मला हे फार आवडलं. गढी बांधणाऱ्या सरदाराचं नाव कुठेतरी सापडतंच. या कुळांनी मागे ठेवलं ते एवढंच.

आपल्याकडे फार्महाउसच्या प्लॉटिंगसाठी जेसीबी दोन दिवसांत अख्खी डोंगरउतरण सपाट करतो. तरी प्राचीन स्मारकांसाठीचा आपला १९५८ चा कायदा तालींना लावा, असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय स्मारक ठरलं की भोवती शंभर मीटर बांधकामबंदी. शेतकऱ्याने गोठा कुठे बांधायचा? पण जेसीबी लावण्याआधी निदान मोजणी करा, फोटो काढा, नकाशावर नोंद करा. त्यात कुणाचं काय जातं?

गावी काकांना फोटो पाठवले. ते दर उन्हाळ्यात ढासळलेल्या तालीचे दगड पुन्हा रचतात. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि फोन केला, “मेंढ्या चरतायत होय? म्हणजे पडीकच की रे!”