बाजार शहराबाहेर हलवला की कोंडी सुटते?

“घरं, बाजार, कार्यालयं, कारखाने यांची सरमिसळ झाली म्हणून शहरं तुंबली. प्रत्येकाला बाहेर स्वतंत्र जागा द्या, रस्ते मोकळे होतील. वाशीचा बाजार बघा!” अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतो आहे. मुंबईतले घाऊक बाजार नवी मुंबईत वाशीला हलले, हे उदाहरण खरं आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र एकेक करून तपासायला हवेत.

“सरमिसळ म्हणजे कोंडी.” पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कमध्ये सरमिसळ कुठे आहे? तिथे मुख्यतः कंपन्या, म्हणून सकाळी सगळे आत आणि संध्याकाळी सगळे बाहेर. रस्त्याची एक बाजू तुंबलेली, दुसरी मोकळी. बस भरून जाते आणि जवळपास रिकामी परतते. डिझेल दोन फेऱ्यांचं, तिकिटं एका फेरीची. उलट, खाली दुकान नि वर बिऱ्हाड असलेल्या पेठेत किराणा, दवाखाना, शिकवणी सगळं पायी उरकतं. पेठेत अडतं ते दुकानापुढे लावलेल्या गाड्यांमुळे आणि भरदिवसा माल उतरवणाऱ्या टेम्पोंमुळे. त्यावर इलाज पार्किंगचे दर आणि माल उतरवायच्या ठरलेल्या वेळा. दुकानं उठवून काय होणार?

“वाशीत जमलं, सगळीकडे जमेल.” वाशीत जमलं त्याला कारणं होती. कांदा-बटाटा, धान्य, मसाले, भाजी, फळं हे बाजार १९८०च्या दशकापासून १९९६पर्यंत टप्प्याटप्प्याने हलले. घाऊक व्यवहार ठरलेल्या आवारातच करायचा, ही बाजार समिती कायद्याची सक्ती पाठीशी होती. माल पोत्यांनी, ट्रकने येणारा. घाटावरून उतरलेल्या ट्रकला मुंबई बेटावर शिरायची गरज उरली नाही. १९९२मध्ये मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली. माथाडींसाठी कोपरखैरणे, घणसोलीत घरं झाली, आणि हे फार महत्त्वाचं, कारण हमाली पहाटेच सुरू होते. एवढं करूनही दादरचा फूलबाजार आणि पहाटेचा भाजीबाजार तिथेच राहिला. फेरीवाला लोकलने येतो, पाटी भरतो, विकायला परत जातो; त्याला बाजार स्टेशनाला चिकटूनच लागतो. शिवाय जुलै २०१६मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाल्यावर, म्हणजे आवाराबाहेर विकायची मुभा मिळाल्यावर, सक्तीचा जोरही ओसरला.

“मोठी, नवी जागा दिली की व्यापारी आपणहून येतात.” सुरतच्या डायमंड बोर्सचं, म्हणजे हिरे व्यापाऱ्यांच्या नव्या संकुलाचं, उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ला झालं. ४,२००हून अधिक कार्यालयांची अवाढव्य इमारत! तरी बराच काळ बहुतेक कार्यालयं बंदच होती; सुरतमधल्याच महिधरपुरा आणि वराछातला जुना हिरेबाजार चालूच राहिला. हिऱ्याचा दलाल पुडी घेऊन दिवसात अनेक पेढ्या चढतो-उतरतो. विकणारे नव्या जागी आणि घेणारे जुन्या जागी राहिले तर त्याचा दिवस प्रवासात जातो. म्हणून पहिल्यांदा हलणाऱ्याचा तोटा होतो आणि जो तो दुसऱ्याची वाट बघतो. मुंबईत हिरेबाजाराचं ऑपेरा हाऊसहून वांद्रे-कुर्ला संकुलात जाणंही लांबतच गेलं होतं. ऑक्टोबर २०१०मध्ये तिथला बोर्स उघडला तेव्हा कस्टम, बँका, लॉकर त्याच आवारात होते. जुलै २०११च्या ऑपेरा हाऊसमधल्या स्फोटानंतर उरलेल्यांनीही घाई केली. नुसत्या गाळ्यांनी हे झालं नसतं.

“घराजवळ कारखाना नकोच.” अर्धं खरं. क्रोम प्लेटिंगचं सांडपाणी गटारात जाता कामा नये. असे कारखाने औद्योगिक वसाहतीत एकत्र असलेलेच बरे, म्हणजे सामायिक प्रक्रिया केंद्राचा खर्च वाटून घेता येतो. पण बॅगा शिवणाऱ्याला त्याच नियमात कोंबणं हा निव्वळ आळस. सांडपाणी काय निघतं, विजेचा भार किती, रात्री आवाज होतो का, ज्वालाग्राही साठा किती, सर्वांत मोठं वाहन कोणतं येतं, एवढं पाहिलं तरी निवाडा करता येतो.

आणि एखादा बाजार हलवायचाच असेल, तर आधी सणाचा एक आणि साधा एक असे दोन आठवडे मोजणी करावी: किती माल आला, कोणत्या वेळी, कोणत्या वाहनाने, आणि तिथून तो कुठे गेला. निम्म्याहून जास्त माल पायी किंवा लोकलनेच बाहेर पडत असेल, तर तो बाजार आहे तिथेच ठेवून ट्रकच्या वेळा बदलाव्यात.