किल्ले डावीकडे, आम्ही उजवीकडे

जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीच्या क्रूझवर खुर्चीत बसून चहा पीत पीत किल्ले दिसतात, असं एजंट म्हणालेला. राजगड पायी चढलेला माणूस मी, म्हटलं हे तर काहीच नाही. रूडेसहाइम गावातून बोट सुटायच्या आत नाश्ता अर्धा टाकून डेकवर पळालो आणि उजवीकडच्या दोन खुर्च्या धरल्या, एकीवर मी, दुसरीवर हिचं स्वेटर. एसटीत खिडकीतून रुमाल टाकायची सवय अशी कामाला येते.

बिंगेन गेलं आणि किल्ले सुरू झाले. राइनश्टाइन, राइशेनश्टाइन, सोनेक. पाठोपाठ तीन, आणि तिन्ही डावीकडे! उजवीकडे द्राक्षाचे मळे आणि एक मालगाडी, नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे ना, तिचे डबे मी मोजले, दुसरं करणार काय, उठलो तर खुर्ची जाते.

शेवटी उठलोच. तर पुढे सहा फुटी जर्मन आजोबांची हॅट. स्पीकरवर माहिती आधी जर्मनमध्ये, मग इंग्लिशमध्ये, आणि बोट प्रवाहाच्या दिशेने सुसाट, त्यामुळे 'डावीकडे बघा' कळेपर्यंत किल्ला पार मागे गेलेला.

काउबचा तेवढा नीट दिसला, कारण तो नदीतच आहे. चौदाव्या शतकातला चक्क टोलनाका! नदीला आडवी साखळी लावायची, पैसे दिले की बोट सोडायची. हे बघून मात्र एकदम घरच्यासारखं वाटलं.

मग लोरेलाय, 132 मीटरचा नुसता कडा. वर एक सुंदरी केस विंचरत बसायची आणि तिच्याकडे बघता बघता नावाडी खडकावर आपटायचे म्हणे. वाऱ्याने हिच्या केसांचं घरटं झालेलं, कंगवा त्यातच अडकलेला. ही म्हणाली, "अहो, इथे बसून केस विंचरत होती? काहीही सांगतात."

मार्क्सबुर्ग म्हणजे या पट्ट्यातला कधीच उद्ध्वस्त न झालेला एकमेव डोंगरी किल्ला, तो आला नेमका जेवणाच्या वेळेला. मी वर धावलो, तोवर मधे दुसरी क्रूझ आली आणि तिच्या डेकवरची माणसं माझाच फोटो काढत होती.

मान धरलेली, नाक गळतंय, अशा अवस्थेत खुर्चीकडे आलो तर तिथे आमच्याच ग्रुपमधले सांगलीचे काका, हिचं स्वेटर मांडीवर पांघरून बसलेले. मला बघून लगेच उठले.

"या, बसा की निवांत. किल्ले संपले आता."