असावं म्हणून

गेल्या आठवड्यात एक जुना दोस्त भेटला. प्लॉटिंगच्या धंद्यात बरं चाललंय त्याचं. चहा निम्मा झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाला, "भावा, कलेक्टर ऑफिसात कोण वळखीचं हाय काय? रिव्हॉल्व्हरचं लायसन काढायचंय."

"कुणी धमकी दिलीय?"

"न्हाई रं."

"खंडणीचा फोन?"

"न्हाई."

"मग कशाला?"

"असावं म्हणून."

आमच्या घरात चाळीसेक वर्षं बंदूक होती. वडिलांची ठासणीची, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. आमचं रान घाटाकडं. भुईमूग भरायला लागला की रानडुकरं येणारच. वडील माळ्यावर बसून नळीत दारू ओतायचे, वर चिंध्या कोंबायचे, गजानं ठासायचे आणि आभाळाकडं तोंड करून बार काढायचे. डुकराला गोळी घालायची सोय नव्हतीच. परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा डोक्यावर आहेच, आणि गवा तर त्यातल्या पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीतला, त्याच्या वाटेलाच जायचं नाही. आवाज काढायचा, एवढंच त्या बंदुकीचं काम. बार काढल्यावर वडिलांच्या धोतराला दोन दिवस दारूचा वास यायचा.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याचं १३ वं कलम दोस्तानं एकदा वाचावं. पिकासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी-खेळासाठी किमान २० इंच लांब, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मागणारा एका बाजूला. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर मागणारा दुसऱ्या बाजूला, आणि त्याच्याकडं सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणजे मी चहावर विचारलं तेच कायदा विचारतो. कशाला?

माझी तक्रार अशी की कायद्यानं केलेला हा फरक टेबलावर दिसत नाही. वडील गेले. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे, म्हणून मी अर्ज केला. सातबारा दिला, दाखले दिले, चौकशी झाली. दोन वर्षं होऊन गेली. एका साहेबांनी फाइल चाळत विचारलं, "तुमच्या जिवाला काही धोका?" म्हटलं, "माझ्या न्हाई साहेब, भुईमुगाच्या." ते हसले नाहीत.

कायदा ढिला करा असं मी म्हणत नाही, उलट. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, बरं झालं. वरातीत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, तेही बरं झालं. वाढदिवसाला तलवारीनं केक कापून रील टाकणाऱ्यांवर याच कायद्यानं गुन्हे दाखल होतात, त्यांचंही मला वाईट वाटत नाही. निवडणूक लागली की वडील बंदूक घोंगड्यात गुंडाळून ठाण्यात जमा करायचे आणि पावती देव्हाऱ्यात ठेवायचे. कधी कुरकुर केली नाही.

दोस्ताचं शेवटचं अस्त्र ठरलेलं होतं. "अरे, पानसरे अण्णांजवळ असतं तर?" अण्णा म्हणजे कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे. १६ फेब्रुवारी २०१५ ची ती सकाळ कोल्हापुरात कोण विसरलंय? नवरा-बायको फिरून घराकडं येत होते, मोटारसायकलवरून आलेल्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या. उमाताई वाचल्या, अण्णा २० तारखेला गेले. ऐंशीच्या घरातल्या माणसानं त्या दोन-चार सेकंदांत कमरेचं काय काढलं असतं? आणि मारायला येणारा परवान्यासाठी रांगेत उभा राहत नाही, बेकायदा गावठी कट्टा घेऊन येतो. पोलिसांनी जोर लावायचा तो तिथं.

नेमबाजीची हौस असेल तर तीही इथं भागते. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आपल्या कोल्हापूरच्याच. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकहून ब्राँझ आणलं. रेंजवर जा, घाम गाळ. हे सांगितलं तर दोस्त म्हणाला, "तेवढा टाइम कुणाला हाय?"

वडिलांची बंदूक अजून ठाण्यातच आहे, नळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. परवा रात्री भुईमुगात परत कळप शिरला. धाकट्यानं तेलाचा रिकामा डबा बडवला. डुकरं बांधापर्यंत गेली, थांबली, आणि डबा थांबल्यावर परत आली.