दर फलकावर दिसतो, माप कुठे दिसते?

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमचे गाव आहे आणि चंदगड तालुक्याची हद्द, म्हणजेच महाराष्ट्र, आमच्या शिवारापासून दुचाकीने फार तर दहा मिनिटांवर आहे. त्यामुळे पेट्रोल-डिझेलचा दर आमच्याकडे कधी एकटा येत नाही. सकाळी चहाच्या हॉटेलात तो 'इकडे किती, तिकडे किती' असा जोडीनेच निघतो. एक काळ असा होता की कोल्हापूरकडची वाहने कागल ओलांडून कर्नाटकातल्या कोगनोळी-निपाणीच्या बाजूला येत आणि इकडच्या स्वस्त दरात टाकी भरूनच परत फिरत. डिझेलच्या बाबतीत ते गणित आता जवळजवळ संपले आहे. १५ जून २०२४ रोजी कर्नाटक सरकारने पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्के केला आणि डिझेलवरील १४.३४ टक्क्यांवरून १८.४४ टक्के केला. १ एप्रिल २०२५ पासून डिझेलवरचा कर पुन्हा वाढून २१.१७ टक्क्यांवर गेला. या दुसऱ्या वाढीचे समर्थन करताना बेंगळुरूहून जी तुलना मांडण्यात आली, तीत शेजारच्या राज्यांतील ठिकाणे निवडलेली होती आणि महाराष्ट्राच्या वाट्याला कागल आले होते. वाढीनंतरही कर्नाटकात डिझेल ९१.०२ रुपये आणि कागलला ९१.०७, अशी ती तुलना होती. सीमाभागाची आठवण राजधानीला निदान दराच्या तुलनेसाठी तरी झाली, एवढे समाधान आम्ही मानून घेतले.

या पाच पैशांवरून आमच्या हॉटेलात आठवडाभर वाद चालला आणि मीही त्यात हिरिरीने भाग घेतला, हे कबूल करतो. त्यानंतर माझ्याच बाबतीत एक प्रसंग घडला आणि आपण चुकीच्या आकड्यावर भांडत होतो, असे माझ्या लक्षात आले.

भाताच्या चिखलणीचे दिवस होते. पॉवर टिलरसाठी डिझेल आणायला मी नेहमीचा वीस लिटरचा कॅन घेऊन गेलो. त्या कॅनवर आमच्या वडिलांनी वीस लिटरची म्हणून खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे. त्या दिवशी डिझेल रेघेच्या बोटभर खाली राहिले. मी पंपावरच्या मुलाला पाच लिटरचे माप आणायला सांगितले. तो म्हणाला, "काका, मॅनेजर आल्यावर बघूया की ओ." मॅनेजर आले, त्यांनी मागच्या खोलीतून ऑईलच्या डब्यांआडून माप काढले, तेव्हा त्याच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले होते. मला त्या क्षणी राग आला नाही, हसू आले. त्या घराच्या आकारावरून एवढे नक्की सांगता येत होते की बरेच दिवस या मापाला कोणी हात लावलेला नाही. गिऱ्हाइकानेही नाही आणि तपासणीला येणाऱ्या कोणी साहेबानेही नाही.

माप धुऊन, पुसून, वाळवून मोजले. पाच लिटरमागे वीस मिलिलिटर कमी भरले. मॅनेजरांनी शांतपणे सांगितले की हे कायद्यात बसते, आणि ते खरेच होते. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक, कमी किंवा जास्त, चालतो. वडिलांच्या रेघेबद्दल सांगायचे तर, वीस मिलिलिटरच्या हिशेबाने कॅनमध्ये ऐंशी मिलिलिटर कमी येते, बोटभर येत नाही. त्यामुळे ती रेघच थोडी वर ओढली गेली असावी, किंवा इतक्या वर्षांत कॅन फुगला असावा. तो आरोप मी तिथल्या तिथे मागे घेतला.

पण घरी येऊन हिशेब केला. पंचवीस मिलिलिटर म्हणजे पाच लिटरचा अर्धा टक्का. ९१ रुपयांच्या डिझेलवर अर्धा टक्का म्हणजे लिटरला साधारण पंचेचाळीस पैसे. ज्या पाच पैशांवर आम्ही आठवडाभर घसा कोरडा केला, त्याच्या नऊपट रक्कम कायद्याने मान्य केलेल्या फरकातच मावते, आणि त्या फरकाच्या पलीकडे यंत्र गेले आहे की नाही, हे ज्या मापाने कळते त्या मापात माशी घर बांधून राहते. फरक अधिक बाजूलाही चालतो असे कायदा म्हणतो. तसा अनुभव आलेला माणूस मात्र मला आमच्या पंचक्रोशीत अजून भेटायचा आहे.

सरकारची देखरेख म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त दर येतो, आणि दराच्या बाबतीत सरकारचे उत्तर ठरलेले आहे की तो आता आमच्या हातात नाही. कागदावर ते बरोबर आहे. पेट्रोलचा दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला, आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा दर लागू होण्याची पद्धत आली. मात्र आपण कर्नाटकातले लोक आहोत आणि २०१८ ची विधानसभा निवडणूक आपल्याला आठवते. एप्रिलच्या अखेरीपासून मतदान होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे, हा रोज बदलणारा दर एक पैसाही हलला नाही. १२ मे रोजी मतदान झाले आणि १४ मेपासून तो पुन्हा चालू लागला. पुढे नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात, उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका असताना, तो साडेचार महिने जागचा हलला नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने अबकारी कर लिटरला दोन रुपयांनी वाढवला आणि पंपावरचा दर तसाच ठेवला, कारण तो भार कंपन्यांनी सोसायचे ठरले. भार सोसला याबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या दरावर इतक्या सहजतेने हात ठेवता येतो, त्याला केवळ बाजाराचे लेकरू म्हणू नये. जो हात ठेवतो त्याने हिशेबही द्यावा, आणि तो बिलावर द्यावा: मूळ किंमत किती, केंद्राचा कर किती, राज्याचा किती, डीलरचे कमिशन किती, वाहतूक किती. विजेच्या बिलावर इतकी कलमे छापता येत असतील, तर डिझेलच्या पावतीवर पाच ओळी छापणे अवघड नाही.

वाहतुकीचा मुद्दा ग्रामीण भागात विशेष महत्त्वाचा आहे. बेळगावजवळ देसूरला तेलाचा डेपो आहे. तिथून टँकर जितका लांब जाईल, तितका दरात वाहतुकीचा भाग वाढतो, म्हणजे पंप जितका आडवळणाला तितके तेल महाग, अशी वर्षानुवर्षांची पद्धत होती. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी राज्यांतर्गत वाहतूक खर्चाची फेरमांडणी केली आणि डेपोपासून दूरच्या काही भागांत दर थोडे खाली आले. हा निर्णय चांगला होता आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. त्याआधी जून २०२२ मध्ये, काही ठिकाणी पंप कोरडे पडू लागल्यावर, सर्व पंपांना, दुर्गम भागांतल्याही, ठरलेल्या वेळेत पुरवठा चालू ठेवण्याचे आणि वाजवी दराने विक्री करण्याचे बंधन केंद्राने घातले होते. तेव्हा सरकारच्या हातात काहीच नाही हे खरे नाही. हात आहे, तो गावापर्यंत पोचत नाही.

खानापूर तालुक्याकडे बघा. जांबोटी, कणकुंबीच्या पुढच्या आणि भीमगडच्या जंगलातल्या गावांत पेट्रोलचा खरा दर हा पंपावरचा दर नसतोच. तो बाटलीचा दर असतो. पावसाळ्यात रस्ता धड नसताना पंपापर्यंत जाऊन येण्यातच लिटरभर जळते, म्हणून गावातल्या दुकानदाराने आणून ठेवलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली दहा-पंधरा रुपये जास्त देऊन घ्यावी लागते. बाटलीत लिटर आहे की नऊशे मिलिलिटर, हे कोणी विचारत नाही. परवान्याशिवाय अशी विक्री करणे बेकायदा आहे आणि घरात ज्वालाग्राही इंधन साठवणे धोक्याचे आहे, हे दोन्ही मला मान्य आहे. तरीही, उद्या कोणी देखरेखीच्या नावाखाली त्या दुकानदारावर धाड घातली आणि फोटो काढून वर्तमानपत्रात छापला, तर मी त्या दुकानदाराच्या बाजूने उभा राहीन. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला त्याच्याच बाटलीने गाडी चालू झालेली असते. २०१९ मध्ये केंद्राने नव्या कंपन्यांना पंपांचे परवाने देताना अट घातली होती की पाच टक्के पंप दुर्गम भागांत उभारावे लागतील. त्या पाच टक्क्यांत आमच्या घाटमाथ्यावरचे एखादे गाव बसते का, हे विचारणारा आवाज विधानसभेत उठायला हवा होता.

आणखी एक दर आहे, ज्याच्यावर कोणाचीच नजर नाही. डिझेल दोन रुपयांनी वाढले की भाड्याच्या ट्रॅक्टरचा तासाचा दर शंभर रुपयांनी वाढतो. रोटावेटर चालवताना ट्रॅक्टरला तासाला पाच-सहा लिटर लागले असे धरले, तरी दोन रुपयांच्या वाढीने खर्च दहा-बारा रुपयांनी वाढायला हवा. उरलेले कशाचे, असे मी आमच्या ट्रॅक्टरवाल्या पुतण्याला विचारले. त्याने बँकेचा हप्ता, टायर आणि ड्रायव्हरची हजेरी ही तीन उत्तरे दिली, आणि ती तिन्ही खरी आहेत. पण मार्च २०२४ मध्ये डिझेल दोन रुपयांनी उतरले तेव्हा हे तिन्ही मुद्दे त्याला आठवले होते आणि भाडे होते तिथेच राहिले होते. अल्पभूधारकाला डिझेलचा दर असाच, दुसऱ्याच्या हातून आणि चढत्या भाजणीने भेटतो. यावर सरकारी दरपत्रक असावे असे मला वाटत नाही, ते टिकणारही नाही. ग्रामपंचायतीने हंगामाच्या सुरुवातीला ट्रॅक्टरमालक आणि शेतकरी यांना एकत्र बसवून गावचा दर ठरवावा. काही गावांत हे होतेही.

आता पुन्हा मापाकडे येतो, कारण माझा मुख्य आग्रह तिथेच आहे. दर कोणाच्या हातात आहे यावर दहा वर्षे वाद घालता येईल, पण माप कोणाच्या हातात आहे यावर वादच नाही. वैधमापन कायदा २००९ चा आहे, अंमलबजावणी राज्याच्या वजनमापे खात्याकडे आहे, पंपाच्या यंत्राची दरवर्षी फेरतपासणी होऊन त्यावर शिक्का बसला पाहिजे आणि त्याचे प्रमाणपत्र दिसेल असे लावले पाहिजे. गिऱ्हाइकाने मागितल्यास पाच लिटरचे माप आणि भेसळ तपासण्यासाठी फिल्टर पेपर द्यावा लागतो. भेसळ आणि साठ्याच्या बाबतीत अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा २००५ चा आदेश आहे. २०१७ मध्ये लखनौला तेल कमी सोडण्यासाठी यंत्रांत बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक चिप सापडल्या आणि नंतर ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातले अनेक पंप तपासले, तेव्हा वर्षातून एकदाचा शिक्का पुरेसा नसतो हेही सिद्ध झाले. चिप बंद करून शिक्का घेता येतो आणि साहेबांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली की चिप चालू करता येते.

यावर उपाय म्हणून नवा कायदा नको आहे. हवी आहे ती अचानक तपासणी, तीही हंगामात, म्हणजे रोपलावणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत, जेव्हा कॅन घेतलेल्यांची रांग असते आणि पावती कोणी मागत नाही. आणि तपासलेल्या पंपांची यादी, तारीख आणि मोजमापाचा आकडा यांसह ग्रामपंचायतीच्या फलकावर. यात प्रामाणिक डीलरचे भलेच आहे. आमच्या पंपाचे माप कायद्यात बसत होते, तरी गावात त्याच्याविषयी कुजबुज होतीच, कारण खात्री करून घेण्याची सोय कोणी वापरलेली नव्हती.

भाषेचा मुद्दा मुद्दामच एका परिच्छेदात आटोपतो, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वाहून जाईल. आमच्या पंपावर तक्रारीचा क्रमांक आणि गिऱ्हाइकाचे हक्क कन्नड आणि इंग्रजीत लिहिलेले आहेत. कन्नड असलीच पाहिजे, त्याबद्दल प्रश्न नाही. पण जिथे कॅन घेऊन येणाऱ्या दहांपैकी आठजण मराठी वाचतात, तिथे तिसरी ओळ मराठीत लिहिल्याने कोणाचे लिटर कमी भरणार नाही.

मी माहिती अधिकाराखाली एक अर्ज दिला आहे. आमच्या तालुक्यातील प्रत्येक पंपाची गेल्या तीन वर्षांत कोणत्या तारखेला तपासणी झाली आणि किती मिलिलिटर फरक आढळला, एवढेच विचारले आहे. उत्तर आले की इथेच टाकतो. तोपर्यंत निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर, जिथे कुठे तुम्ही असाल तिथे, पुढच्या खेपेला पंपावर गेल्यावर पाच लिटरचे माप मागा आणि प्रमाणपत्रावरची तारीख वाचून खाली लिहा. पंपाचे नाव लिहू नका, गाव आणि तारीख पुरे. आमच्या गावच्या प्रमाणपत्राची तारीख चालू वर्षाचीच आहे, मी परवा जाऊन पाहिली. माप आता मागच्या खोलीत नाही, काउंटरवर उलटे ठेवलेले असते.