मूठभर पालापाचोळ्यात कोण कोण राहतं

मागच्या उन्हाळ्यात एक अख्खा शनिवार मी किडे निवडत बसले होते, अगदी आई ताटात तांदूळ निवडायची तसं, फक्त हातात चिमटा आणि डोळ्याला मायक्रोस्कोप. ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीवर, आमच्या अटलांटाहून साडेतीन-चार तास. तिथे व्हॉलंटियर म्हणून गेले होते. झाडाखालचा ओला पाला जाळी लावलेल्या नरसाळ्यात टाकतात, वर बल्ब लावतात, पाला वरून सुकत जातो तसे आतले जीव ओल शोधत खाली खाली सरकतात आणि शेवटी अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. याला काही दिवस लागतात म्हणून आम्हाला आधीच भरलेल्या बाटल्या दिल्या. एका बाटलीत तिळाएवढे कोळी, माइट्स (कोळ्यांचेच बारके भाऊबंद), स्प्रिंगटेल्स (टुणकन उडणारे इवलेसे जीव) आणि एक गोगलगाय, मोहरीपेक्षा लहान, पण शंखाचा वेढान् वेढा मोजता येईल इतका रेखीव! मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

बाटलीत कागदाची चिठ्ठी असतेच. तारीख, जागा, उंची, कोणी गोळा केलं. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा हेच बजावलं, किडा तुटला तरी चालेल पण चिठ्ठी हरवली तर सगळं वाया.

या पार्कात जे जे काही जिवंत आहे त्या सगळ्याची नोंद करायचं काम 1998 पासून चालू आहे. सगळ्याची म्हणजे अस्वलं, पक्षी, फुलं तर आलीच, पण शेवाळं, बुरशी, माश्या, गांडुळं, पाण्यातले डोळ्याला न दिसणारे जीवसुद्धा. सुरुवात केली तेव्हा साधारण 9 हजार प्रजाती माहीत होत्या, आता आकडा 22 हजारांच्या आसपास गेलाय आणि त्यातल्या 1000 हून जास्त विज्ञानालाच नवीन निघाल्या. आणि हे कुठे, तर अमेरिकेतल्या सगळ्यात गर्दीच्या नॅशनल पार्कात, जिथे वर्षाला एक कोटीहून जास्त माणसं येतात!

आमच्या ग्रुपमध्ये एकाने विचारलं की एवढे किडे मोजून मिळणार काय. मला खरंच वाईट वाटलं, कारण तिथले हेमलॉक मी बघितलेत. मोठाले, जुने, ओढ्यांवर गार सावली धरणारे वृक्ष. आशियातून आलेली एक इवलीशी कीड 2002 मध्ये पार्कात सापडली, झाडाच्या सुईसारख्या पानांच्या खालच्या बाजूला कापसाच्या बोंडासारखी पांढरी दिसते, रस शोषून झाड मारते. आता कितीतरी ठिकाणी नुसते राखाडी सांगाडे उभे आहेत. झाड मेलं की त्याच्यावरचे कोळी, किडे, खालच्या गार पाण्यातले जीव यांचं काय होतं हे कळायला आधी तिथे कोण कोण होतं हे लिहिलेलं लागतं ना? ती यादी नसेल तर नुकसान किती झालं हे बोलणार तरी कशाच्या जोरावर?

हे सगळं मला इतकं लागतं त्याला कारण आहे. माझं आजोळ सावंतवाडीचं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळापाशी कुंडात पाय सोडून मी लहानपणी तासन् तास बसलेय, बारके मासे पायाला लुचायचे, आजी म्हणायची हलू नको. त्याच कुंडातल्या एका माशाची 2020 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि 2021 मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर झाली. म्हणजे माझ्या लहानपणी तो होताच तिथे, फक्त त्याला शास्त्रात नाव नव्हतं. नाव मिळालं म्हणून जागा वाचली.

आपल्याकडे 2002 च्या कायद्यामुळे गावोगाव जैवविविधता समित्या आणि नोंदवह्या आल्या, ते चांगलंच झालं, पण आंबोली, राधानगरी, चांदोली इथे असं वर्षानुवर्षं चालणारं, मुंगीपासून गव्यापर्यंत सगळ्यांचं काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. वाघाला पैसे मिळतात ते मिळूच देत, पण गोगलगाय ओळखू शकणाऱ्या माणसालाही पगाराची नोकरी द्या. बाटल्या आमच्यासारखे कोणीही भरतील, निवडतील, पण आतला जीव नेमका कोण हे सांगणारा टॅक्सॉनॉमिस्ट तयार व्हायला उमेदीची कित्येक वर्षं जातात, आणि मुलं या वाटेला जात नाहीत कारण पुढे पोट कसं भरायचं.

जूनमध्ये मी परत जातेय स्मोकीजला. गाडीत दोन जागा आहेत, कोणाला यायचं असेल तर मेसेज करा. डोळ्यांना चष्मा लागत असेल तर तो आठवणीने आणा.