दोन दिवस, तीन सिनेमे आणि निळूभाऊ

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने निळू फुल्यांचा मीम टाकला. तोच, वाड्यावर बोलावणारा. सगळे हसले. मला मात्र मनापासून वाईट वाटलं. एकोणीस वर्षांच्या मुलाला निळूभाऊ तेवढेच ठाऊक असतील तर चूक त्याची नाही. आपण त्याला दुसरं काही दाखवलंच नाही.

म्हणून शनिवार-रविवार त्याला मुक्कामाला बोलावलं आणि आमच्या इथे अजून तग धरून असलेल्या सीडी लायब्ररीतून तीन सिनेमे भाड्याने आणले. 'सामना' (१९७४), 'सिंहासन' (१९७९) आणि 'उंबरठा' (१९८२). तिन्ही जब्बार पटेलांचे, तिन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. तिसऱ्यात निळूभाऊ नाहीत, पण तो सासूबाईंनी मागितला होता.

'सामना' मी कितव्यांदा पाहिला कोण जाणे. तरीही निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील समोर आला की मी सावरून बसते. साखर कारखाना, सोसायटी, सगळा गाव मुठीत, पण हा माणूस उगाच आवाज चढवत नाही. कुठून तरी आलेल्या एका दारुड्या मास्तरला घरी नेतो, खाऊपिऊ घालतो. त्याला खरंच त्या म्हाताऱ्याचा लळा लागतो, आणि तोच मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल विचारत राहतो, 'मारुती कांबळेचं काय झालं?' मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंच्या तोंडी तो प्रश्न दर वेळी वेगळा ऐकू येतो. आधी सहज, मग खोडसाळ, मग काळीज चिरणारा. प्रश्न जसा मुरत जातो तसा निळूभाऊंचा चेहरा आतून ढासळत जातो, आणि ते फक्त डोळ्यांनी दाखवतात. भाचा मध्येच म्हणाला, "मामी, याची दया येतेय मला. यायला नको ना?" निळूभाऊ किती मोठे नट होते हे मला यापेक्षा नीट सांगता आलं नसतं.

रात्री जेवणं उरकून 'सिंहासन' लावला. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरचा. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, लागूंचा अर्थमंत्री, आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. काल ज्याच्या हातात गाव होतं तो आज खांदे पाडून मंत्रालयात हिंडतो. त्याला सगळं कळतं, कोण कोणाला फोडतोय, कोण कुठल्या बोलीवर परत येतोय, पण त्याच्या कळण्याने काडीही हलत नाही. पाटलाचा माज आणि दिगूची हतबलता एकाच देहात, पाचेक वर्षांच्या अंतराने. शेवटी दिगू वेड्यासारखा हसतो तेव्हा भाचा गप्प होता. मीही काही विचारलं नाही. मध्यंतरीची पक्षांतरं आणि बैठका थोड्या लांबल्यासारख्या वाटतात हेही सांगते. नव्याने बघणाऱ्याने पात्रांची नावं लिहून घ्यावीत.

रविवारी दुपारी 'उंबरठा'. स्मिता पाटील सुलभा म्हणून घर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून परगावी महिलाश्रमाची अधीक्षक व्हायला जाते. लताबाईंच्या आवाजातलं 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' सुरू झालं तेव्हा सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला. आणि शेवटचा अर्धा तास राहिला असताना डीव्हीडी अडकली. पुसली, काढून घातली, पण चित्र जागचं हललं नाही. पाच-सात ओरखडे होते तिच्यावर. मला रडूच यायचं बाकी होतं.

मग उरलेला सिनेमा सासूबाईंनी सांगितला. त्यांनी तो लग्नानंतर दोनेक वर्षांनी थेटरात पाहिलेला. "ती परत येते. तोवर नवऱ्याचं दुसरीकडे जुळलेलं. तो स्वतःच सांगतो तिला. मग ती निघून जाते."

"तुम्हाला तेव्हा काय वाटलं, आई?"

"राग आला होता तिचा. लेकरू टाकून गेली म्हणून. घरी येईपर्यंत मी आणि वन्सं तेच बोलत होतो." थोडं थांबून म्हणाल्या, "नवऱ्याचा नाही आला. ते मला आज आठवलं."

भाच्याने डीव्हीडी कव्हरात घातली. लायब्ररीत दुसरी प्रत आहे का, ते उद्या विचारून येतो म्हणाला.